श्रीलंका बौद्ध देश, म्हणजे सगळे शाकाहारी?

‘श्रीलंका बौद्ध देश, त्यामुळे तिथे सगळे शाकाहारी’ असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो. अहिंसेची शिकवण पाहता तसं वाटणं स्वाभाविक आहे, पण ते खरं नाही. तिथे सुमारे ७० टक्के लोक बौद्ध, बहुतेक थेरवाद या बौद्ध पंथाचे, आणि मासे रोजच्या जेवणातले. आपल्या ओल्या खोबऱ्याच्या चटणीसारखं दिसणारं ‘पोल संबोल’ घ्या. त्यात बऱ्याचदा उंबलकडा, म्हणजे सुकवलेल्या ट्यूनाचा चुरा असतो. शाकाहारी मंडळींनी आधी विचारलेलंच बरं!

विनयपिटक या भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातला महावग्ग हा भाग उघडून पाहा: प्राणी आपल्यासाठी मारल्याचं भिक्खूने पाहिलं-ऐकलं नसेल, तशी शंकाही नसेल, तर भिक्षेतलं मांस चालतं. पौर्णिमेला, ‘पोया’च्या दिवशी, मात्र मांसविक्री बंद असते. सगळेच शाकाहारी असते, तर ही बंदी लागलीच नसती.