ऐंशी गुणांचं अंतर

२८ जुलै २०२५. जॉर्जियातल्या बटुमीत महिला बुद्धिबळ विश्वचषकाच्या अंतिम फेरीचा टायब्रेक, म्हणजे बरोबरी फोडणारे झटपट डाव. नागपूरच्या दिव्या देशमुखचं क्लासिकल (म्हणजे लांब वेळेच्या डावांचं) रेटिंग २४६३, समोरच्या कोनेरू हंपीचं २५४३. हंपी ग्रँडमास्टर झाली २००२ साली, म्हणजे दिव्याच्या जन्माच्या तीन वर्षं आधी. जिंकली दिव्या.

अशा निकालाला आपण लगेच 'धक्कादायक' म्हणतो. रेटिंगच्या गणिताला मात्र एवढ्याने धक्का बसत नाही. हे गणित मांडलं आर्पाद एलो यांनी. हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे. फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, ते १९७० मध्ये स्वीकारलं. त्यात रेटिंग म्हणजे बुद्धीचं माप नव्हे, निव्वळ अंदाज. डाव जिंकला तर १ गुण, बरोबरीला अर्धा, हरलात तर शून्य. दोघांच्या रेटिंगमधला फरक तेवढा बघायचा: ४०० ने मागे असलात तर एका डावातून सरासरी ०.०९ गुण अपेक्षित, २०० ने मागे असलात तर ०.२४, आणि ८० ने मागे असलात तर ०.३९.

हा ०.३९ म्हणजे जिंकण्याची ३९ टक्के शक्यता, असं मात्र नाही. यात बरोबरीचा अर्धा गुणही धरलेला असतो. दहा डावांत दोन जिंकले, चार बरोबरीत सुटले, चार हरले, तरी बेरीज ४ होते. अंदाज जवळजवळ बरोबर. त्या दोन विजयांपैकी एक नेमका आज आला, तर त्याला चमत्कार कसं म्हणायचं?

गंमत म्हणजे या सूत्राला मोहऱ्यांचा रंग कळत नाही. पांढऱ्याला पहिल्या चालीचा थोडा फायदा असतोच. उपांत्य फेरीत दिव्याने माजी जगज्जेत्या तान झोंगयीला पांढऱ्या मोहऱ्यांनीच हरवलं, तेही तब्बल १०१ चालींच्या डावात! तिथेही कागदावर दिव्याच खाली होती.

आता हिशेब. एकदा २४०० गाठलेल्या खेळाडूला अपेक्षेपेक्षा जेवढं जास्त मिळालं, त्याच्या दहापट रेटिंग वाढतं. अंतिम फेरीचे दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले. दिव्याकडून अपेक्षा ०.७८ ची, मिळाला १. रेटिंगमध्ये वाढ झाली २.२ गुणांची. निर्णायक डाव तिने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला, पण तो रॅपिड, म्हणजे कमी वेळेचा, होता आणि रॅपिडचं खातं वेगळं. ज्या डावाने विश्वचषक आणि ग्रँडमास्टर किताब दोन्ही दिले, त्यातून क्लासिकल रेटिंगमध्ये पडलेली भर: शून्य.