व्हिक्टोरिया क्रॉस वीरांची सिगारेट कार्डे

ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून 1940 पर्यंत सिगारेटच्या पाकिटातून चित्रकार्डे फुकट मिळत. त्यांपैकी साम्राज्याच्या युद्धांत शौर्यपदक मिळवलेल्या सैनिकांची कार्डे जमवण्याचा हा छंद आहे. सिगारेट कार्डे जमवण्याला एकूणच ‘कार्टोफिली’ म्हणतात. जुनी पाकिटे मऊ कागदाची असत. सिगारेटी चेपू नयेत म्हणून आत जाड कागदाचा तुकडा घालत. त्यावर आधी जाहिरात आली, पुढे चित्र आणि क्रमांक आला. क्रमांकामुळे संच पुरा करण्याची ओढ लागली आणि गिऱ्हाईक त्याच छापाला धरून राहिले.

व्हिक्टोरिया क्रॉस (व्हीसी) हे ब्रिटिश सैन्याचे सर्वोच्च शौर्यपदक 1856 मध्ये सुरू झाले. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या (1899-1902) काळात ऑग्डेन्स या सिगारेट कंपनीने रॉबर्ट्स, किचनर, बेडन-पॉवेल अशा सेनानींची छायाचित्रे असलेली कार्डे काढली. व्हीसी वीरांची खरी मालिका मात्र लंडनच्या टॅडी कंपनीची. तिच्यात 125 कार्डे आहेत. पहिली शंभर वीस-वीसच्या पाच भागांत निघाली आणि शेवटचा भाग 25 चा. ही कंपनी 1920 मध्ये संपानंतर बंद पडली, आणि तिची कार्डे आज सर्वांत जपली जातात. प्लेअर्स कंपनीचा ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ हा 25 कार्डांचा संच 1914 चा. गॅलहर कंपनीने 1915 ते 1918 मध्ये ‘ग्रेट वॉर’मधल्या (पहिल्या महायुद्धातल्या) व्हीसी वीरांची 25-25 ची आठ मालिका, म्हणजे 200 कार्डे काढली. क्रमांक 1 ते 200 असे सलग चालतात. एका मालिकेला ‘पूर्ण संच’ म्हणून विकले जाते, तेव्हा क्रमांक विचारून घ्यावेत. कोप कंपनीच्या नौदल व हवाई वीरांच्या संचात पहिल्या 50 कार्डांवर क्रमांकच नाहीत. तिथे यादी नावांवरून ठेवावी लागते.

नवखा माणूस चित्र पाहतो, जाणकार आधी कार्ड उलटे करतो. कंपनी, मालिका, क्रमांक आणि पराक्रमाची हकिगत पाठीवरच असते. एकच चित्र वेगवेगळ्या पाठींवर छापलेले असू शकते आणि किंमत पाठ ठरवते. हकिगत घाईत लिहिलेली असते, म्हणून नाव, पलटण आणि तारीख ‘लंडन गॅझेट’ या ब्रिटिश सरकारी राजपत्रातल्या अधिकृत नोंदीशी ताडून पाहावी. चित्रकाराने प्रसंग पाहिलेला नसे; शत्रूचा चेहरा तर साम्राज्याला हवा तसाच रंगवला जाई. 1858 च्या झाशीच्या लढाईसाठीही ब्रिटिश सैनिकांना व्हीसी मिळाले आहेत. अशा लढायांची कार्डे मराठी वाचकाने एका बाजूचा दस्तऐवज म्हणूनच वाचावीत. रिबनही पाहावी: 1918 पर्यंत नौदलाच्या व्हीसीची रिबन निळी आणि भूदलाची किरमिजी होती, नंतर सर्वांचीच किरमिजी झाली.

भारतीय सैनिकांना 1911 पर्यंत हे पदक मिळूच शकत नव्हते, त्यामुळे टॅडीच्या मालिकेत एकही भारतीय नाही. व्हीसी मिळालेले पहिले भारतीय म्हणजे शिपाई खुदादाद खान. त्यांची लढाई 31 ऑक्टोबर 1914 रोजी बेल्जियममधल्या होलेबेके येथे झाली. महाराष्ट्रातले यशवंत घाडगे (1944) आणि नामदेव जाधव (1945) हे मराठा लाइट इन्फंट्रीचे व्हीसी त्या काळच्या सिगारेट कार्डांवर सापडणार नाहीत, कारण युद्धकाळातल्या कागदटंचाईमुळे ही प्रथा 1940 मध्येच थांबली. त्यांचे कार्ड दिसले, तर ते नंतरचे आहे.

सामान्य आकाराचे कार्ड सुमारे 36 × 68 मिलिमीटर असते. मोजपट्टी लावून दोन्ही बाजू मोजाव्यात. एखादी बाजू दीड-दोन मिलिमीटर कमी भरली तर झिजलेले कोपरे लपवायला कड कातरलेली असू शकते, आणि अशा कार्डाची किंमत पार पडते. पुनर्मुद्रणे बरीच आहेत. काहींवर तसा उल्लेख असतो, काहींवर नसतो. अतिनील दिव्याखाली नव्या कागदातली उजळवणारी रसायने निळसर-पांढरी चमकतात. जुना कागद मंद दिसतो. दहापट भिंगातून नवी छपाई चार रंगांच्या ठिपक्यांच्या नियमित जाळीची दिसते, जुन्या कार्डांच्या शिळामुद्रणातले (दगडावरून केलेल्या छपाईतले) ठिपके अनियमित असतात.

कार्डे पारदर्शक पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या दहा कप्प्यांच्या पानांत ठेवावीत, म्हणजे पाठही वाचता येते. 25 च्या संचाला तीन पाने लागतात. पीव्हीसीची स्वस्त पाने टाळावीत, कारण त्यांतून सुटणारा पदार्थ शाई ओढतो आणि कार्ड चिकटते. रबरबँड कडा कापतो. लॅमिनेशनने कार्ड कायमचे वाया जाते. 1930 च्या दशकातल्या बऱ्याच कार्डांच्या पाठीला अल्बममध्ये चिकटवण्यासाठी गोंद लावलेला असे. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात अशी कार्डे एकावर एक ठेवली तर चिकटून बसतात, म्हणून प्रत्येकी वेगळा कप्पा हवा. दमट हवेत तपकिरी डाग पडतात, कसर लागते. आर्द्रता शक्यतो 50 टक्क्यांच्या आसपास ठेवावी, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात आणि त्या दर महिन्याला सुकवाव्यात. अल्बममध्ये चिकटलेले कार्ड ओढून काढू नये. पाण्यात भिजवण्याचा प्रयोग आधी एखाद्या बिनमोलाच्या कार्डावर करावा, कारण काही शाया फुटतात आणि छायाचित्रांचा थर फुगतो.