शुक्रवारच्या बाजारासाठी पाच घरं

म्हापशात शुक्रवार उजाडला की बाजार भरतो, कुणी आठवण करून द्यावी लागत नाही. कॉम्प्युटरला मात्र वार सांगावा लागतो. युनिक्स आणि लिनक्स या कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालींवर ठरल्या वेळी कामं सुरू करायचं काम 'क्रॉन' हा प्रोग्राम करतो. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतही तो होता. दर मिनिटाला तो आपली यादी पाहतो आणि ज्या ओळीची वेळ जुळली, ते काम सुरू करतो.

त्या ओळीत पाच घरं असतात: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. रविवार ०, शुक्रवार ५. तारा (*) म्हणजे 'कुठलाही चालेल'. गोव्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या काळात रोज सकाळी सहाला काही करायचं तर '० ६ * ६-७ *'. (इथे आकडे देवनागरी आहेत, कॉम्प्युटरवर इंग्रजीच लिहावे लागतात.)

एका दुकानासाठी मी दर शुक्रवारी पहाटे पाचला गिऱ्हाइकांना बाजारभाव पाठवायची ओळ लिहिली: '० ५ * * ५'. निरोप गेले साडेदहाला. तोवर बाजार अर्धा उरकला होता. ओळीत चूक नव्हती, पण सर्व्हरचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर होतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपली शुक्रवारची पहाट तिथे अजून गुरुवारची रात्र असते. म्हणून दुरुस्त ओळ झाली '३० २३ * * ४'. तास-मिनिटं बदलायचं सुचलं असतं, वारही बदलावा लागेल हे मला आधी सुचलंच नाही.

दुसरा खड्डा याहून खोल आहे. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी हिशेब करायचा, म्हणून अनेकजण '० ८ १-७ * ५' लिहितात. पहिल्या सात तारखांतला शुक्रवार, असं आपण वाचतो. क्रॉन तसं वाचत नाही. तारीख आणि वार दोन्ही घरं भरलेली असली, तर दोन्हींपैकी एक जुळलं तरी त्याला पुरतं. म्हणजे हिशेब १ ते ७ तारखेला रोज होईल, शिवाय प्रत्येक शुक्रवारी होईल. इतर घरं मात्र एकत्र जुळावी लागतात, त्यामुळे हा अपवाद भल्याभल्यांना फसवतो. यावर उपाय असा: वाराच्या घरात तारा ठेवायचा आणि आज शुक्रवार आहे का, हे त्या कामानेच आधी तपासायचं.

गणेश चवथीसाठी मात्र पाच घरं अपुरी पडतात. ती २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. क्रॉनला तिथी कळत नाही आणि त्याच्याकडे वर्षाचं घरही नाही. म्हणून नवं पंचांग आलं की चवथीच्या ओळीतली तारीख आणि महिना मी दरवर्षी हातानेच बदलतो.