हॅम रेडिओचे टनेल: आयपीआयपी ते वायरगार्ड

दोन गावांतली पॅकेट रेडिओ नेटवर्क (रेडिओलहरींवरून संगणकांची माहिती तुकड्या-तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत, पाठवणारी) इंटरनेटवरून जोडायची म्हटलं की आज पहिलं नाव वायरगार्ड या टनेल-सॉफ्टवेअरचं निघतं. हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओवाले, मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून टनेल (एका नेटवर्कची पॅकेटं दुसऱ्याच्या पॅकेटांत भरून नेणारी वाट) टाकत आली आहेत.

1981 साली हँक मॅग्नुस्की यांनी 44 ने सुरू होणारे सुमारे 1 कोटी 67 लाख आयपी पत्ते हौशी रेडिओसाठी मिळवले. पुढे फिल कार्न यांच्या केए9क्यू सॉफ्टवेअरमुळे 1200 बॉडच्या पॅकेट रेडिओवरही टीसीपी/आयपी, म्हणजे इंटरनेटची भाषा, चालू लागलं. पण व्हीएचएफ रेडिओलहरींचा पल्ला डोंगरापाशी संपतो. मधलं अंतर इंटरनेटने भरून काढायला आयपीआयपी आलं: एका आयपी पॅकेटभोवती दुसरं, फक्त 20 बाइटचं ओझं. जवळ स्थिर पत्ता असला की काम झालं.

घरोघरी नॅटवाले (आतल्या सगळ्या मशीनना मिळून बाहेर एकच पत्ता दाखवणारे) राउटर आले आणि हे गणित बिघडलं. आयपीआयपी म्हणजे प्रोटोकॉल क्रमांक 4. त्यात पोर्टच (पॅकेट कुठल्या संभाषणाचं ते सांगणारा क्रमांक) नाही. आलेलं पॅकेट आतल्या कोणत्या मशीनला द्यायचं, हे राउटरला कळणार कसं? जीआरई या दुसऱ्या टनेल-पद्धतीचंही तेच दुखणं. एएक्स.25 (पॅकेट रेडिओचा प्रोटोकॉल) फ्रेम थेट आयपीत भरायची रीत 1991 च्या आरएफसी 1226 या इंटरनेट दस्तऐवजात होती, पण तिथेही पोर्ट नव्हता. म्हणून एएक्सयूडीपी, म्हणजे त्याच फ्रेम यूडीपी पॅकेटांत भरायची रीत, रुळलं. यूडीपीला पोर्ट असतो, त्यामुळे ते नॅटमधून निघून जातं. टीसीपीवरून टनेल नेण्याचा मोह मात्र टाळलेलाच बरा. पॅकेट हरवलं की आतलं आणि बाहेरचं, दोन्ही टीसीपी ते पुन्हा पाठवत बसतात आणि लिंक गुदमरते.

खरी अडचण नियमांची. अर्थ लपवण्यासाठी संदेश सांकेतिक करायला आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावली वेगवेगळ्या देशांतल्या हौशी केंद्रांना मनाई करते (उपग्रहांच्या नियंत्रण संकेतांना तेवढी सूट). इंटरनेटच्या तारेला हे लागू नाही, हवेतल्या टप्प्याला आहे. 2020 मध्ये लिनक्स 5.6 मध्ये दाखल झालेल्या वायरगार्डमध्ये एन्क्रिप्शन (संदेश सांकेतिक करणं) बंद करायची सोयच नाही. ओपनव्हीपीएन या दुसऱ्या टनेल-सॉफ्टवेअरमध्ये ते बंद ठेवून नुसती पाठवणाऱ्याची खातरजमा चालू ठेवता येते, आणि त्यात लपवाछपवी काही नाही.

शिवाय आयपीव्ही4 वर वायरगार्डचं ओझं पॅकेटमागे 60 बाइट. 1200 बॉडवर तेवढ्यालाच 0.4 सेकंद जातात. त्यामुळे वायरगार्ड गेटवेपाशीच (इंटरनेट आणि रेडिओ जोडणाऱ्या मशीनपाशी) संपवून पुढे अँटेनाकडे साधं, उघडं आयपी सोडायचं, हीच मांडणी मला पटते.