द्विभाषिक राज्यशास्त्र नियतकालिक काढताय? छपाईच्या आधी ठरवायच्या गोष्टी

सोलापूर, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटच्या महाविद्यालयांतून आमच्या छापखान्यात येणारी पहिली चौकशी ठरलेली असते : "शंभर पानांचा अंक, दोनशे प्रती, किती होतील?" दर आम्ही लगेच सांगतो. पण विभागात बसून ठरवायच्या गोष्टी ठरलेल्या नसतील तर पहिला अंक थाटात निघतो, दुसरा रखडतो आणि तिसऱ्याचं नाव कुणी काढत नाही. म्हणून हे पत्रक.

उद्देश

"मराठी व इंग्रजीतील संशोधनास व्यासपीठ उपलब्ध करून देणे" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक प्रस्तावात असतं आणि त्यातून काहीच कळत नाही. उद्देश असा लिहा, की त्याच्या आधारे एखादा चांगला लेखही "आमच्या कक्षेत बसत नाही" म्हणून परत पाठवता यावा. स्थानिक स्वराज्य संस्था, सीमाभाग, कामगार चळवळ, राजकीय विचार असं काही तरी नेमकं धरा.

आपल्या गावाचंच घ्या. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिली. यावर काम करणाऱ्याला सरकारी कागदपत्रं इंग्रजीत वाचावी लागतात, त्या काळची इथली वर्तमानपत्रं मराठीत, आणि घराघरांतल्या आठवणी ऐकायला बसलं तर तेलुगू-कन्नडही कानावर पडतं. असा लेख फक्त इंग्रजीत आला तर दिल्लीत वाचला जाईल, पण चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज जाणाऱ्याच्या हाती लागणार नाही. फक्त मराठीत आला तर बाहेरचा अभ्यासक त्याची दखल कशी घेणार?

यावर आमचा सल्ला साधा आहे. लेख ज्या भाषेत लिहिला त्याच भाषेत छापा आणि दुसऱ्या भाषेत त्याचा दीड-दोन पानी सारांश द्या. शंभर शब्दांत उरकलेला नको. युक्तिवाद, पुरावे, निष्कर्ष सगळं त्यात यायला हवं. अख्खा अंक दोन्ही भाषांत काढायचा हट्ट मात्र धरू नका. पानं दुप्पट होतात, अनुवादाचं मानधन वेगळं पडतं, आणि तो अनुवाद तपासणार कोण?

कोण काय करणार

प्राचार्यांना प्रकाशक करा, संपादक दुसरा असू द्या. दोन्ही पदं एकाकडे असली की ते निवृत्त होताच अंकही निवृत्त होतो. संपादकाच्या हाताखाली दोन सहसंपादक पुरेत, एक मराठीसाठी आणि एक इंग्रजीसाठी. सल्लागार मंडळात वीस मोठी नावं घातली तरी आमची हरकत नाही, त्यांना तसंही काम नसतं. फक्त प्रत्येकाची लेखी संमती घ्या. न विचारता छापलेल्या नावामुळे आवरण पुन्हा छापायची वेळ येते.

खरी मेख लेख तपासण्यात आहे. इंग्रजी लेख नियमाप्रमाणे दोन परीक्षकांकडे जातो, आणि मराठी लेख "आपलेच सर आहेत" म्हणून थेट आमच्या डीटीपीच्या टेबलावर येतो. हे आम्हाला इथे बसून दिसतं, आणि वाचकालाही दिसतं. दोन्ही भाषांना एकच नियम लावा : दोन परीक्षक, त्यांतला एक आपल्या विद्यापीठाबाहेरचा, आणि लेखकाचं नाव झाकलेलं. नाव झाकणं म्हणजे नुसती पहिली ओळ खोडणं नव्हे. वर्डच्या फाइलच्या माहितीत ते शिल्लक राहतं, आणि "प्रस्तुत लेखकाचा प्रबंध पाहा" अशी तळटीप असली तर सोलापुरात कुणाला कोण ते सांगावं लागत नाही.

नोंदणी

आयएसएसएन हा नियतकालिकाची ओळख पटवणारा आठ अंकी क्रमांक दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून मिळतो आणि त्याला शुल्क नाही. एजंटला पैसे देऊ नका, आम्हालाही नको. एकाच अंकात दोन्ही भाषा असतील तर एकच क्रमांक लागतो. छापील आणि ऑनलाइन अंकाला मात्र वेगवेगळे. नाव आधी पक्कं करा, कारण ते मुळापासून बदललं की क्रमांकही नवा घ्यावा लागतो.

१ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नियतकालिक नोंदणी कायद्याच्या व्याख्येतून शैक्षणिक नियतकालिकं वगळली आहेत. पण निवडणुकीच्या हंगामात चालू घडामोडींवर शेरेबाजी सुरू केलीत तर "आमचं शैक्षणिक आहे" हे पटवून देणं अवघड जाईल.

यूजीसी-केअर, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची यादी, फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. तेव्हा "केअरमध्ये बसवून द्या" ही विनंती आता कुणाकडेच करू नये. लेखकाकडून पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणाऱ्यांची कामं आम्ही घेत नाही.

फाइल कशी द्यायची

सगळं युनिकोडमध्ये द्या. श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली अख्खी फाइल एकदम बदलायला घेतली, की मधली इंग्रजी अवतरणंसुद्धा बदलतात आणि संदर्भसूचीच्या जागी निरर्थक देवनागरी अक्षरांची रांग उभी राहते. 'कार्यकर्ता'चा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो तो वेगळाच. एका लेखाचं प्रूफ अशा वेळी तीन-तीनदा वाचावं लागतं. संदर्भसूची दोन भागांत करा, मराठी अकारविल्हे आणि इंग्रजी तिच्या क्रमाने. आकडे देवनागरी की इंग्रजी, हे पहिल्या अंकालाच ठरवून टाका.

अंकाची पानं सोळाच्या पटीत बसवलीत तर कागद वाया जात नाही. आतला कागद साधा, सत्तर जीएसएम वजनाचा मॅपलिथो पुरतो. आर्ट पेपरवर तळटीपा वाचताना डोळ्यांवर चकाकी येते, आणि खर्चही वाढतो.

पहिल्या भेटीला येताना तळटीपांसह पूर्ण असलेला एक मराठी लेख पेनड्राइव्हवर आणा. त्याच्या आठ पानांचं नमुना प्रूफ आम्ही विनामूल्य काढून देतो. दराचं बोलणं त्यानंतर.