लासिक्सचा वाद नेमका आला कुठून?

अमेरिकेतल्या घोड्यांच्या शर्यतीत औषधांचा विषय निघाला की लोक लगेच डोपिंग डोपिंग करतात, पण खरं भांडण चोरून दिलेल्या औषधाचं नाहीच, उघडपणे परवानगी असलेल्या लासिक्सचं आहे.

जोरात पळताना घोड्याच्या फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, कधीकधी नाकातून रक्त येतं. हा त्रास जुनाच. लासिक्स म्हणजे फ्युरोसेमाइड, लघवी वाढवणारं औषध, शर्यतीच्या साधारण 4 तास आधी इंजेक्शन द्यायचं. त्याने रक्तस्राव कमी होतो, हे 2009 साली दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासात नीट दिसलं. पण शरीरातलं पाणी गेल्यामुळे घोडा हलकाही होतो ना, आणि खरी मेख तिथेच आहे.

औषधांचं भांडण मात्र त्याहून जुनं. 1968 ची केंटकी डर्बी, अमेरिकेतली सगळ्यात गाजलेली शर्यत. डान्सर्स इमेज पहिला आला, मग टेस्टमध्ये ब्यूट हे वेदनाशामक सापडलं आणि जिंकलेली डर्बी गेली, पुढे कोर्टकचेऱ्या. गंमत म्हणजे काही वर्षांतच केंटकीत तेच ब्यूट चालायला लागलं!

1970 च्या दशकापासून एकेक राज्य लासिक्सला हो म्हणत गेलं, न्यूयॉर्क सगळ्यात शेवटी, 1995 ला. सुरुवातीला म्हणे फक्त रक्त येणाऱ्या घोड्यांसाठी. पण शेजारच्या घोड्याला मिळतंय तर माझ्या का नको, असं करत करत जवळपास सगळेच घोडे त्यावर पळायला लागले, म्हणजे सवलत हाच नियम होऊन बसला. ब्रिटनमध्ये सरावात चालतं, शर्यतीच्या दिवशी नाही, हाँगकाँगमध्येही शर्यतीच्या दिवशी नाही, आणि तिथेही शर्यती होतातच की.

ब्रीडर्स कप या मोठ्या शर्यतींच्या मेळाव्याने 2012 ला दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीत बंदी घालून बघितली, ट्रेनर-मालक चिडले, 2014 ला माघार. मग 2019 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता अनिता रेसकोर्सवर एकामागून एक घोडे मेले, लासिक्समुळे मेले असं कुणी सिद्ध केलं नाही, पण लोकांचा संयम संपला. 2021 पासून ट्रिपल क्राउनच्या, म्हणजे डर्बी धरून सगळ्यात मानाच्या, तिन्ही शर्यती लासिक्सशिवाय. त्यातही पहिल्याच वर्षी डर्बीत पहिल्या आलेल्या मेडिना स्पिरिट या घोड्यात बीटामेथासोन हे स्टेरॉइड निघालं, ते वेगळंच प्रकरण, पण सगळी चर्चा तिकडेच वळली.

2020 च्या शेवटी शर्यतींसाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कायदा झाला, औषधांचे नियम 2023 च्या मे महिन्यात लागू झाले: शर्यतीच्या दिवशी काहीच नाही. अपवाद? लासिक्स! दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यती आणि स्टेक्स, म्हणजे वरच्या दर्जाच्या, शर्यती सोडून बाकीच्यांना तेव्हा 3 वर्षांची सूट मिळाली, तोवर अभ्यास करा, आणि पुढे बंदी सैल करायची तर या कायद्याखालच्या बोर्डाचं एकमत हवं, असं ठरलं.