कुत्रा गुरगुरला की ओरडू नका: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आम्ही घरी येऊन कुत्र्यांच्या वागण्याच्या अडचणींवर काम करतो. आम्हाला येणारे निम्मे फोन एकाच वाक्याने सुरू होतात: "अहो, काही कारण नसताना चावला." पाच मिनिटं बोललं की कळतं, कारण होतं आणि इशाराही होता. काही महिन्यांपूर्वीपर्यंत कुत्रा गुरगुरत होता. प्रत्येक वेळी घरातल्या कुणीतरी "नो! बॅड बॉय!" करून दटावलं, कुणी पेपरची गुंडाळी उगारली, कुणी नाकावर टपली मारली. मग त्याने गुरगुरणं सोडलं. घरच्यांना वाटलं, सुधारला.

पहिल्या भेटीतला बराचसा वेळ आमचा हेच समजावण्यात जातो, आणि त्या वेळेचे पैसे तुम्ही मोजलेले असतात. म्हणून आम्ही यायच्या आधी घरातल्या सगळ्यांनी हे वाचा. कामाला येणाऱ्या मावशींना आणि कुत्र्याला फिरवायला नेणाऱ्या मुलालाही सांगा. कुत्र्याशी त्यांचाच संबंध जास्त येतो.

गुरगुरणं हा गुन्हा नाही

कुत्रा गुरगुरतो तेव्हा तो एवढंच सांगत असतो की हे मला नको आहे, जरा लांब हो. त्याच्याआधी त्याने आणखी चार गोष्टी सांगून झालेल्या असतात. तोंड दुसरीकडे फिरवलेलं असतं. समोर खायला काही नसताना ओठांवरून जीभ फिरवलेली असते. झोप आलेली नसताना जांभई दिलेली असते. डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसायला लागलेला असतो. आणि मग तो एकदम ताठ, स्तब्ध होतो. हे शेवटचं फार महत्त्वाचं. लहान मुलाने गळ्यात हात टाकून फोटो काढताना कुत्रा "किती शांत बसलाय बघा" असं वाटतं, तेव्हा तो शांतच असतो असं नाही. शेपटी हलते म्हणजे खूश आहे, हेही खरं नाही. उंच धरलेली, ताठ, भराभर हलणारी शेपटी दिसली तर हात मागे घ्या.

लोकल येताना मोटरमन भोंगा वाजवतो. कानाला त्रास होतो म्हणून भोंगा काढून टाकला तर गाडी यायची थांबत नाही. गुरगुर दाबली की नेमकं हेच होतं. भीती होती तिथेच राहते, आवाज तेवढा जातो. वर आणखी एक नुकसान होतं. ताटलीजवळ मूल आलं, कुत्रा गुरगुरला आणि बाबांनी त्याला हाणलं, तर कुत्र्याच्या डोक्यात नोंद होते की मूल जवळ आलं की मार बसतो. म्हणजे आधी मुलाबद्दल नुसती धास्ती होती, आता तिला पक्कं कारण मिळालं.

आमचा वेळ इथे खर्च होतो. गुरगुरणाऱ्या कुत्र्याची सीमा आम्हाला ऐकू येते, त्या सीमेच्या अलीकडे उभं राहून आम्ही काम करतो. गुरगुर दाबलेल्या कुत्र्याची सीमा कुठे आहे ते दातच सांगतात. मग आधी जाळीच्या मझलची (तोंडावर चढवायच्या मुसक्याची) सवय लावा, मग खूप लांबून सुरुवात करा, मग त्याला पुन्हा 'बोलायची' हिंमत येईपर्यंत थांबा. तुम्ही विचारता, "तीन भेटी झाल्या, अजून पाहुण्यांसमोर आणलाच नाही?" उत्तर हे आहे.

"पण मग तो शेफारेल ना?"

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो आणि तो चुकीचा नाही. तो गुरगुरला आणि आपण मागे सरलो, तर गुरगुरून काम होतं हे तो शिकणारच. शिकू दे. चावून काम होतं हे शिकण्यापेक्षा ते कितीतरी बरं. मागे सरणं हा उपचार नाही, तो त्या क्षणापुरता अपघात टाळणं आहे. उपचार नंतर, सगळे शांत असताना. गुरगुरण्याचं कारणच निघून गेलं की गुरगुर आपोआप कमी होते.

म्हणून त्या क्षणी करायचं ते इतकंच: थांबा, ओरडू नका, डोळ्यांत रोखून बघू नका, बाजूला व्हा, मुलाला उचलून घ्या. मग कुठे, कोण, किती अंतरावर, तोंडात किंवा समोर काय होतं, हे फोनमध्ये लिहून ठेवा. ही टिपणं आम्हाला सोन्यासारखी असतात.

सोसायटीतल्या ज्यांच्याकडे पूर्वी अल्सेशियन होता ते काका मात्र सांगतात, "त्याला उताणा पाडून धरा, बॉस कोण ते कळू दे." या सल्ल्याचं मूळ बरंच लांबचं आहे. रुडॉल्फ शेंकेल या संशोधकाने स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचं निरीक्षण करून 1947 साली ते प्रसिद्ध केलं, आणि 'अल्फा', म्हणजे कळपावर सत्ता गाजवणाऱ्या लांडग्याची कल्पना तिथून पसरली. पुढे ती लोकप्रिय करण्यात अमेरिकेतले लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांचा मोठा वाटा होता, आणि त्याच मेक यांनी 1999 साली लिहिलं की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. सत्तेसाठी सतत मारामारी करणाऱ्या टोळीचं चित्र त्याला लागू पडत नाही. तुमच्या घरातला बीगल सत्ता बळकवायला निघालेला नाही. त्याला उताणा पाडलंत तर तुमचा चेहरा त्याच्या दातांपासून वीतभर अंतरावर येईल, बाकी काही साधणार नाही.

आम्ही काय करतो

बेल वाजली की भुंकत दारावर झेप घेणारा कुत्रा घेऊ. आम्ही बेलचा आवाज फोनवर रेकॉर्ड करतो आणि अगदी हळू वाजवतो. आवाज आला, की लगेच चिकनचा तुकडा. पुन्हा आवाज, पुन्हा तुकडा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी बेल, मग खाऊ. बरेच जण खाऊ दाखवून मग बेल वाजवतात. त्याने उलटंच होतं, खाऊची पिशवी दिसली की कुत्रा सावध होतो. काही दिवसांनी बेल वाजली की तो दाराकडे न जाता तुमच्या तोंडाकडे बघायला लागतो. तिथून पुढे आवाज वाढवायचा, मग खरी बेल, मग दाराबाहेर खरा माणूस.

तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा पुरतो. उकडलेलं चिकन, मीठ-मसाला नको, कांदा-लसूण तर अजिबात नको, ते कुत्र्यांना विषारी असतं. तेवढं अन्न रोजच्या जेवणातून कमी करा, नाहीतर तुमचा लॅब्रॅडॉर शिकेल आणि फुगेलही. शाकाहारी घरांसाठी थोडं पनीर चालतं. स्वयंपाकघरात चिकन शिजणार नसेल तर आमची सुकवलेल्या चिकनची पाकिटं आहेत, पण ती घेतलीच पाहिजेत असं नाही.

खाऊ नाकाशी धरूनही तो खात नसेल तर तो हट्टी नाही, आपण फार जवळ आलो आहोत. अंतर वाढवायचं. आता मुंबईत अंतर आणायचं कुठून? चार फुटांचा पॅसेज, त्याहून लहान लिफ्ट, आणि गेटबाहेर गल्लीतली कुत्री हद्द राखून बसलेली. म्हणून आमच्या भेटींच्या वेळा अशा विचित्र असतात: दुपारी दोन ते चार, नाहीतर रात्री साडेदहानंतर. तेव्हा सोसायटी रिकामी असते. "रविवारी सकाळी या ना" असं सगळे म्हणतात, पण रविवारी सकाळी लिफ्टमधून अख्खी बिल्डिंग उतरत असते. शिवाय कुत्र्याचा ताण एकावर एक साठतो. सकाळी खाली भांडण झालं, दुपारी बाजूच्या फ्लॅटमध्ये ड्रिल चाललं, संध्याकाळी पाहुणे आले, की एरवी चालवून घेतो त्या गोष्टीवरही तो दात दाखवतो. असा दिवस असेल तर त्या दिवशी शिकवणी बंद.

"तुमच्याकडेच महिनाभर ठेवून घ्या"

घेत नाही. कित्येकांना याचा राग येतो, आणि अशी सोय देणारे शहरात आहेत हेही आम्हाला माहीत आहे. आमच्या अंगणात तो अगदी गुणी वागेल. पण त्याला भीती तुमच्या लिफ्टची आहे, तुमच्या दारावर येणाऱ्या डिलिव्हरीवाल्याच्या हेल्मेटची आहे, तुमच्या सोफ्यावरून त्याला ओढून उतरवणाऱ्या हाताची आहे. यातलं काहीच आमच्याकडे नाही. घरी परत गेला की आठवड्यात पहिल्यासारखा, आणि नाव आमचं खराब.

काटेरी पट्टा, गळा आवळणारी साखळी, विजेचा झटका देणारा पट्टा आम्ही वापरत नाही. त्यांनी वागणं झटपट थांबतं हे खरं, आणि ते का थांबतं ते वर सांगितलंच आहे. अमेरिकेतल्या प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या पशुवैद्यांच्या संघटनेनेही 2021 च्या निवेदनात बक्षिसावर आधारलेली पद्धतच वापरा असं म्हटलं आहे. "हंड्रेड परसेंट गॅरंटी" आम्ही देत नाही. देणाऱ्याला जरा जपून विचारा, कशाच्या जोरावर.

मझलचं नाव काढलं की लोकांना वाईट वाटतं. जाळीचं, मोठं मझल शिक्षा नव्हे, ते घातल्यावर सगळ्यांचाच जीव शांत होतो, कुत्र्याचाही. पण तोंड घट्ट बांधणारं कापडी मझल फिरायला नेताना कधीही घालू नका. कुत्रा अंग थंड ठेवतो ते जीभ काढून धापा टाकत, आणि मुंबईच्या उकाड्यात तोंड बांधलेला कुत्रा बघता बघता कोसळू शकतो. मझल कुठूनही घ्या, माप आम्ही फुकट घेऊन देतो.

आधी डॉक्टर, मग आम्ही

आम्ही भेटीआधी डॉक्टरांची तपासणी मागतो तेव्हा काहींना ती टाळाटाळ वाटते. पण सहा वर्षं शहाण्यासारखा वागलेला कुत्रा अचानक अंगावर यायला लागला तर पहिला संशय दुखण्यावर घ्यायचा. लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचं दुखणं नेहमीचं. लोंबत्या कानांच्या कुत्र्यांना पावसाळ्यात कानाचा संसर्ग होतो आणि डोक्यावरून हात फिरवला की ते कळवळतात. थायरॉइड, दात, दृष्टी कमी होणं, सगळंच बघावं लागतं. तुमचे नेहमीचे डॉक्टर चालतील, नाहीतर परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. कानाच्या औषधाने प्रश्न सुटला तर आमची फी वाचली, आम्हाला वाईट वाटणार नाही. (थोडं वाटेल.)

रेबीजची लस दर वर्षी आणि महापालिकेचा परवाना, दोन्ही हवेत. कुत्रा कुणाला चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद, तिखट, चुना काही लावू नका. "आपल्याच कुत्र्याचं आहे, लस दिलीय" म्हणून घरी बसू नका.

फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांसाठी एकच विनंती: फोन गणपतीच्या आधी करा. आवाजाची सवय लावायला आठवडे लागतात. वसुबारसेला फोन केलात तर आम्ही फक्त डॉक्टरांकडून औषध घ्या आणि आतल्या खोलीत पंखा-टीव्ही लावून ठेवा एवढंच सांगू शकतो.

पहिल्या भेटीची तयारी

फी सोबतच्या दरपत्रकात आहे. साधारण सहा ते आठ भेटी लागतात आणि मधल्या दिवसांत रोज दहा-दहा मिनिटं तुम्हीच करायची असतात. ती होणार नसतील तर आधीच सांगा, तुमचे पैसे वाचतील. पहिल्या भेटीला घरातले सगळे हवेत. आजी त्याला टेबलावरून चपाती देते आणि बाबा त्यावर ओरडतात, हे आम्हाला एकाच वेळी बघायचं असतं.

आधी दोन-तीन व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा: जेवताना लांबून काढलेला, खिडकीतून बाहेर बघतानाचा, पट्टा बांधतानाचा. व्हिडिओसाठी म्हणून त्याला मुद्दाम डिवचून गुरगुरायला लावू नका, ताटलीत हात तर मुळीच घालू नका. आम्ही बेल वाजवणार नाही, गेटवर आलो की फोन करू. त्याला आतल्या खोलीत ठेवून मग दार उघडा, आणि आम्ही आत येत असताना "या या, काही करत नाही तो" हे तेवढं म्हणू नका.